पतंगी कागद बांधलेली बॅटरी

माझ्या नातवंडांनो,

गेल्या महिन्यात फोनवर धाकटीने मला सांगितलं की तुम्ही दोघं भावंडं वाळवंटात तारे बघायला जाणार आहात आणि त्यासाठी कपाळाला बांधायचे लाल दिवे मागवले आहेत. लालच का, तेही तिने मला समजावलं. अंधारात थोडा वेळ गेला की डोळे सरावतात, पांढऱ्या उजेडाने तो सराव क्षणात मोडतो, लाल उजेडाने फारसा मोडत नाही. मी म्हणाले, "अगं, तसली एक बॅटरी माझ्याकडे आहे. चुडाव्याला असताना मीच केली होती." त्यावर तिकडून एवढं हसू आलं की माझं पुढचं बोलणं राहूनच गेलं. फोनवर मला नाहीतरी धड सांगता येत नाही. म्हणून लिहिते आहे, आणि तुम्ही निघायच्या आधी तुमच्या हातात पडावं म्हणून आत्ताच लिहिते आहे, कारण लाल उजेडात एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं की काय होतं, ते त्या दिव्यांच्या खोक्यावर कुणी छापलेलं नसणार.

पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. निजामाची रेल्वे दिल्लीच्या सरकारकडे गेली होती, पण स्टेशनच्या पाटीवर उर्दू अक्षरं होती आणि रुळांचे सांधे बदलणारा आमचा पॉइंटमन अजून दख्खनीतच ओरडत असे. तुमचे आजोबा चुडाव्याला छोटे मास्तर, म्हणजे असिस्टंट स्टेशनमास्तर होते. आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. पुढच्या दारातून रूळ दिसत, मागच्या दारातून ज्वारीची धसकटं आणि भेगाळलेली काळी जमीन. मी हैदराबादेत मुलींच्या शाळेत इंग्रजीतून शिकलेली; चुडाव्यात माझ्या शिक्षणाचा उपयोग लोकांना आलेल्या इंग्रजी तारा वाचून दाखवण्यापुरता होता.

त्या वैशाखात मामंजींच्या गावी, सोनपेठच्या बाजूला, त्यांच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न झालं. मामंजी म्हणजे माझे सासरे, तुमचे खापरपणजोबा नव्हे, पणजोबा. घराण्यातले ते सगळ्यांत वडील. गोरज मुहूर्ताचं लग्न लागलं की काळोख पडल्यावर नव्या जोडप्याला अंगणात नेऊन ध्रुव आणि अरुंधती दाखवायची, हा मान कितीतरी वर्षं त्यांचाच होता. सप्तर्षींच्या शेपटीत जो वसिष्ठ आहे, त्याला अगदी चिकटून एक बारीक चांदणी असते, ती अरुंधती. मामंजी नवरीच्या मागे उभे राहत, आपली काठी तिच्या खांद्यावरून पुढे धरत आणि म्हणत, "काठीच्या टोकावर बघ, पोरी. मोठा तारा वशिष्ठ. त्याच्या कडंला त्याची बायकू. दिसली का?"

त्या लग्नात पहिल्यांदाच परभणीहून गॅसबत्त्या भाड्याने आणल्या होत्या. मांडव नुसता पांढराफटक. मामंजी जोडप्याला घेऊन अंगणाच्या कडेला निघाले, तर दोन बत्तीवाले मागोमाग निघाले. घरातलं वडील माणूस काळोखात चालतंय आणि आपण बत्ती घेऊन नुसतं उभं राहायचं, हे कुणालाच बरं दिसलं नसतं. एकाने तर बत्ती डोक्यावरून काढून मामंजींच्या अगदी कानाशी धरली. मी बायकांच्या घोळक्यात होते. काठी वर झाली. नवरी म्हणाली, "दिसली." नवरा म्हणाला, "दिसली." बायका हसल्या, वाजंत्री वाजली, जेवणाची पानं पडली.

तुमच्या आजोबांची रजा संपली म्हणून आम्ही चुडाव्याला परतलो, आणि मामंजी चार दिवस राहायला आमच्याबरोबर आले. ते दिवसभर ओट्यावर बसून राहत. प्रवासाचा शीण असेल असं मला वाटलं. मग एके सकाळी मोची दारावरून जात होता आणि मामंजींच्या वहाणांचा तळ टाचेशी पार झिजलेला मी बघितला होता, म्हणून मी त्याला थांबवलं.

"नको," मामंजी म्हणाले. "सा म्हैन्यांसाठी नवा तळ कशाला?"

"सहा महिनेच का, मामंजी?"

"उगं म्हनलं." मग मोची गेल्यावर थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "लग्नात पोरीला अरुंधती दाखिवली, तू व्हतीस न्हवं?"

"होते की. तिला दिसली."

"तिला दिसली. पावन्याला दिसली. साऱ्या वऱ्हाडाला दिसली." ते वहाणेचा अंगठा चाचपत राहिले. "मला न्हाई दिसली."

ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचं आयुष्य सहा महिन्यांचं उरलेलं असतं, असं जुनी माणसं मानत. मला ते ऐकून माहीत होतं, पण मानणारा माणूस इतका शांतपणे माझ्यासमोर बसलेला मी कधी बघितला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ते फक्त आवराआवर करत होते. माघात धाकट्या नणंदेचं लग्न करायचं ठरत होतं. त्याविषयी ते "तुमी बघा" एवढंच बोलत. धोतरजोडी घ्यायची म्हटलं तर मान हलवत.

"पोराला सांगू नगंस," ते म्हणाले.

मी तुमच्या आजोबांना त्याच दुपारी सांगितलं. ते म्हणाले, "बाबांचे डोळे आता थकले. परभणीला नेऊन चष्मा करू." त्यांनी चष्म्याचा विषय काढला तेव्हा मामंजींनी माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि मग मुलाला म्हणाले, "चष्मा बघून यम माघारी जातोय का?"

मला त्यांना सांगायचं होतं की हे सगळं खोटं आहे. पण खोटं आहे म्हणजे नेमकं काय, तेच मला मांडता येईना. ताऱ्याचा आणि आयुष्याचा संबंध नाही, हे मी इंग्रजीत छान सांगितलं असतं. मराठीत, सासऱ्यांसमोर, पदर डोक्यावर घेऊन, ते वाक्य तोंडातून निघत नव्हतं. शिवाय दिसली का नाही, याचं उत्तर मला तरी कुठे ठाऊक होतं? म्हातारपणाचे डोळे म्हणावेत, तर हा माणूस शेताच्या दुसऱ्या बांधावरचं जनावर कुणाचं ते ओळखत होता. मग कानाशी धरलेली ती गॅसबत्ती आठवली, आणि तिच्यावरून हैदराबादच्या शाळेची गच्ची आठवली. आमच्या एक वयस्क बाई आम्हा मुलींना तिथे नेऊन तारे दाखवायच्या. त्यांच्या हातातल्या बॅटरीच्या तोंडाला रंगीत कागद बांधलेला असे, त्याने डोळे दिपत नाहीत असं त्या म्हणायच्या. कागद होता, एवढं नक्की. पण कोणत्या रंगाचा?

मी खूप आठवून बघितलं. मला निळा वाटला. आज विचार केला तर वाटतं, आकाश डोळ्यांसमोर आलं म्हणून निळा वाटला असेल. लग्नातल्या पतंगी कागदाच्या पताका मी गुंडाळून आणल्या होत्या, कारण चांगला कागद टाकून देणं मला जमत नाही. त्यातली निळी पताका मी आमच्या दोन सेलच्या बॅटरीवर बांधली आणि संध्याकाळी मामंजींना घेऊन मागच्या शेतात गेले. बत्तीशिवाय जाणं शक्यच नव्हतं. उन्हाळ्यात त्या भेगांतून विंचू निघत. मामंजी आले, माझं मन मोडू नये म्हणून. निळ्या उजेडात आम्ही पाय टाकत गेलो, बघितलं, आणि मामंजी म्हणाले, "न्हाई." परत येताना ते म्हणाले, "आता पुरं, सूनबाई. एकदा इचारलं, दोनदा इचारलं. तिसऱ्यांदा इचारू न्हाई."

म्हणजे मी मदत करायला गेले आणि त्यांची खात्री पक्की करून आले. त्या रात्री माझं कशातच लक्ष लागलं नाही. डाळीत मीठ दोनदा पडलं.

दुसऱ्या दिवशी परकराचा हिशोब करताना, म्हणजे नणंदेसाठी कापड बेतताना, मी लाल पेन्सिलीने खुणा करत होते. तेव्हा गच्चीवरच्या बाई पुन्हा आठवल्या, आणि या वेळी चिडलेल्या. त्यांनी ताऱ्यांच्या नकाशावर लाल पेन्सिलीने गोल काढून आणले होते आणि बॅटरीच्या उजेडात ते गोल दिसेचनात. कागद कोरा. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे गोल निळ्या शाईने पुन्हा काढले होते. लाल उजेडात लाल खूण पुसली जाते, म्हणजे कागद लाल होता! मी कात्री तशीच टाकून लाल पताका शोधायला उठले.

तुमच्या आजोबांनी ती बॅटरी बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला. "लाल बत्ती? रुळाजवळ?"

"मागच्या शेतात. तोंड खाली धरीन."

"खाली म्हणजे खाली. रुळाकडे ती वळली तर माझी नोकरी जाईल. आणि बाबांना विंचू चावला तर तुझ्या गच्चीवरच्या बाईंना तार करायची का?"

"तुम्ही तार केलीत तर मी वाचून दाखवीन," मी म्हणाले. ते हसत ड्युटीवर गेले.

मामंजींना तयार करणं अवघड होतं. तिसऱ्यांदा विचारायचं नाही, असं ते म्हणून बसले होते. शेवटी दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, "तुम्ही नका बघू. मला बघायचंय. मी एकटी शेतात कशी जाऊ?" सुनेने काळोखात एकटं जाणं त्यांना यमापेक्षा वाईट वाटलं असावं. ते काठी घेऊन उठले.

वद्य पक्ष होता, चंद्र नव्हता. दोन शेतं ओलांडून, स्टेशनचे दिवे बाभळींच्या आड गेले तिथे, मी दुपारीच एक बाज नेऊन ठेवली होती. मामंजी बाजेवर बसले, मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. बॅटरी विझवली. ते हट्टाने खाली मान घालून बसले होते. मी वर बघत होते. हळूहळू आकाश भरत गेलं. आधी मोठे तारे, मग त्यांच्यामधली जागा. मामंजींनी मान कधी वर केली, मला कळलं नाही.

तेवढ्यात बाजेखाली काहीतरी खसखसलं. मी बॅटरी लावली आणि वाकून बघू लागले. वाळलेलं पान होतं. "काय हाय?" म्हणत मामंजीही वाकले, आणि उजेड खालून माझ्या तोंडावर पडला.

ते एकदम मागे सरले.

"सूनबाई. कुंकू कुठं हाय तुजं?"

मी कपाळाला हात लावला. दिवेलागणीला मेणावर चांगलं ठसठशीत कुंकू लावल्याचं मला आठवत होतं. बोट उजेडात धरलं. बोट कोरं! मी पुन्हा पुसलं, पुन्हा बघितलं, काहीच नाही. हातातल्या हिरव्या बांगड्या काळ्या झाल्या होत्या. माझा स्वतःचाच हात मला ओळखू येईना. लाल पेन्सिलीची गोष्ट मला ठाऊक होती, कालच आठवली होती, तिच्याच आधारावर मी ही बॅटरी बांधली होती; आणि त्या क्षणी ती माझ्या डोक्यात कुठेच नव्हती. कपाळ कोरं, बांगड्या काळ्या, एवढंच होतं.

"पोरगं कुठं हाय?" मामंजी म्हणाले. तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "पोरगं रुळावर हाय का?"

आणि ते निघाले. वहाणा बाजेखाली राहिल्या. धसकटांतून, भेगांतून, स्टेशनच्या दिशेने, सहा महिन्यांचं आयुष्य उरलेला तो माणूस असा चालत सुटला की मला पदर खोचून पळावं लागलं. "मामंजी, विंचू! मामंजी, थांबा!" त्यांना पुढची जमीन दिसावी म्हणून मी बॅटरी उंच धरली. ती कुणीकडे वळली आहे, याचं भान मला उरलं नाही.

बाभळी ओलांडतो तोच समोरून पांढरी हातबत्ती नाचत आली आणि तिच्यामागून पॉइंटमनचा आवाज. "कौन है रे? लाल बत्ती कौन दिखारा?"

मी चटकन बॅटरी विझवली.

"बाईसाब? तुमी?" तो धापा टाकत होता. "मालगाडी येयाचीय पूर्णेहून. मास्तर तिकडं नुसते शिव्या देयलेत."

"कोन शिव्या देयलंय?" मामंजींनी विचारलं.

"मास्तर, आजोबा. तुमचे चिरंजीव. माझ्या बापापर्यंत पोचले."

मामंजी काठीवर भार टाकून उभे राहिले. "शिव्या देयलाय," ते म्हणाले. "मंग बरा हाय."

पॉइंटमनने ओळख पटवायला बत्ती माझ्या तोंडापाशी उचलली. मामंजी माझ्या कपाळाकडे बघत राहिले. मी पुन्हा बोट बघितलं. बोट लालभडक होतं. कुंकू होतं तिथेच होतं, फक्त माझ्या पुसण्याने एका बाजूला भुवईपर्यंत फराटा गेला होता.

"दे हिकडं," म्हणून मामंजींनी माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि पॉइंटमनला हुकूम सोडला. "तुजी झाक."

त्याने कोटाच्या आड बत्ती धरली. मामंजींनी लाल उजेड माझ्या कपाळावर पाडला. "न्हाई," ते म्हणाले. "आता दाव." पांढरा उजेड आला. "हाय." मग पुन्हा, "झाक." पुन्हा, "दाव." मी भर शेतात सासऱ्यांसमोर तोंड वर करून उभी. पॉइंटमन शेवटी काकुळतीला आला. "आजोबा, गाडी येयलीय. खेळ उद्या करू की."

तो गेला. आता घरी जावं असं मला वाटलं, पण मामंजी वळून बाजेकडे निघाले, वहाणा आणायला म्हणून. वहाणा घालून झाल्यावर ते तिथेच बसले. मी धुऱ्यावर बसले. मालगाडी आली, गेली. दोघांचे डोळे पांढऱ्या बत्तीने दिपले होते. आकाश पुन्हा भरायला वेळ लागला. मी माझ्या शाळेपासूनच्या चष्म्यातून वसिष्ठाकडे बघत होते. एकदा वाटे की त्याच्या कडेला काहीतरी आहे, एकदा वाटे की माझ्याच डोळ्यांतलं पाणी आहे. लग्नात मला दाखवली तेव्हा दिसली होती का? बायका म्हणाल्या दिसली, मीही म्हणाले असेन. मामंजी काठी वर करून, तिच्या टोकावरून बघत होते.

बराच वेळ झाल्यावर मी विचारलं, "दिसली का?"

"तुजं कुंकू मला दिसलं न्हाई," ते म्हणाले, "म्हून काय पुसलं गेलं व्हतं का?"

मला हे उत्तर तेव्हाही कळलं नाही. म्हणजे, कळलं, पण दिसली की नाही, ते त्यात नव्हतं. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. घरी आल्यावर तुमचे आजोबा दारात उभे होते आणि बरंच काही बोलले. ते मी लिहीत नाही. मामंजी ते सगळं समाधानाने ऐकत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मोची येण्याची वाट मामंजींनी ओट्यावर बसून बघितली. तळ घालताना ते त्याच्यावर लक्ष ठेवून होते. "जाड घाल," म्हणाले. "पुन्यांदा घालाया लागू नये असा घाल."

माघात नणंदेचं लग्न झालं तेव्हा ते होते, आणि पुढेही पुष्कळ लग्नांत होते. अरुंधती दाखवायची वेळ झाली की ते गॅसबत्त्यांवर कोंबड्या झाकायच्या डाली उपड्या घालायला लावत आणि वर गोणपाट टाकायला लावत. बत्तीवाले कुरकुरत, "आजोबा, काच तडकंल." "तडकू दे. तिला बघू दे," मामंजी म्हणत. मग माझ्या हातातल्या लाल बॅटरीच्या उजेडात जोडपं अंगणाच्या कडेला जाई. पण एक फरक झाला होता. नवरीला "दिसली का?" असं ते आता विचारत नसत. काठी धरत, थोडा वेळ थांबत, आणि खाली घेत.

त्यांना ती त्या संध्याकाळी दिसली का, मला माहीत नाही. लाल कागदाने काम केलं की नुसत्या थांबण्याने, तेही सांगता येणार नाही. तुम्ही वाळवंटात जाल तेव्हा बघा, आणि मला कळवा. अंगावर लाल काही असलं तर आधी पांढऱ्या उजेडात एकदा नीट बघून ठेवा.

चुडाव्याचं क्वार्टर आता नाही. बॅटरी पत्र्याच्या पेटीत आहे. ती लागत नाही, सेलच्या पाण्याने आतली स्प्रिंग गंजून गेली आहे. काचेवर दोरा आणि पतंगी कागद अजून आहे. त्याचा लाल रंग मात्र उडून गेला आहे.